पाव किलोमागे साडेअकरा रुपये

ताई, नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीत, घरामागच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. नऊ बायका कामाला येतात. चौघी कटरवर बी फोडतात, पाचजणी गर सोलतात. निवड मी आणि माझी जाऊ करतो. दिवसाला ३५ किलो गर निघतो. फोडणीला किलोमागे ३० आणि सोलणीला ३५ रुपये देतो. हात चालणाऱ्या बाईला दिवसाचे पावणेतीनशे सुटतात. आता किमान वेतन वाढलं आणि आमच्याकडे रोजाला ४३० बसतात असं कळलं. मिस्टर म्हणतात परवडणार नाही, चार लाखांचं सोलणीचं मशीन घेऊ आणि तिघींना थांबवू. हिशेब लिहिणारे म्हणतात, मस्टरवर ४३० दाखवा आणि हातात पूर्वीइतकेच द्या. थांबवायच्या तिघींत पहिलं नाव माझ्या चुलतसासूचं आहे. काकी ६७ वर्षांच्या. दिवसाला चार किलोच सोलतात, पण अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. परवा त्यांनी विचारलं, "गो, रोज वाढलो म्हणतत, मग माका आता घराक बसवतलंस काय?" मला उत्तर देता आलं नाही.

बी आम्हाला १३० ने पडते, चार किलो बीचा एक किलो गर. लाकूड, वीज, पोती, बँकेचं व्याज धरून किलोमागे ६० रुपये जातात. व्यापारी सरासरी ७२० ने उचलतो. तोच गर मालवणच्या दुकानात हजाराने विकला जातो. किमान वेतन वाढलं की नक्की कोणाचं भलं होतं आणि कोणाचं वाटोळं? मी काय करू?
— एक काजूवाली

ताई,

आधी काकींचं बोलते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशीच आहे. चार किलो गुणिले पस्तीस, म्हणजे काकींच्या हातात दिवसाला १४० रुपये पडतात. दर वाढला की बाकीच्या बायका अडीचशे-पावणेतीनशेवरून ४३० वर जातील. काकी एकतर १४० वरून ४३० वर जातील, नाहीतर १४० वरून शून्यावर येतील. नऊजणींत सगळ्यात मोठा फायदा त्यांचा आणि सगळ्यात मोठा धोकाही त्यांनाच. किमान वेतन वाढतं तिथे बहुतेक असंच होतं. जिचा हात भरभर चालतो तिला कोणी काढत नाही. जी सावकाश आहे, जिला दुसरीकडे कोणी कामाला घेणार नाही, तिच्या नावावर आधी काट येते. काकींना हे कोणी समजावून सांगितलं नसेल, तरी त्यांना ते कळलं आहे. म्हणून त्यांनी तुमच्याकडे पगार किती होणार हे विचारलं नाही, घरी बसवणार का हे विचारलं.

"बाई किलोवर काम करते, रोजावर नाही, तिला कसलं किमान वेतन?" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते चूक आहे. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमातच लिहिलं होतं की, किलोचा किंवा नगाचा वेगळा किमान दर ठरवलेला नसेल, तर त्या कामगाराला दिवसाच्या किमान दरापेक्षा कमी देता येणार नाही. नव्या वेतन संहितेतही हेच कलम आहे. ही संहिता संसदेने २०१९ मध्ये मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. पूर्वी सरकारच्या यादीत असलेल्या उद्योगांनाच किमान वेतन लागू होतं. आता ती अट गेली. त्यामुळे "आमचा तर घरगुती मांगर" हेही कारण उरलं नाही. तुम्ही लिहिलेला ४३० हा दर मी तुमच्या शब्दावर धरून चालले आहे. तो तुमच्या परिमंडळाचा (किमान वेतनासाठी राज्याचे जे भाग पाडलेत त्यातल्या तुमच्या भागाचा) आणि तुमच्या कामाचा आहे ना, हे जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन एकदा विचारा. महाराष्ट्रात मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि तो महागाईप्रमाणे सहा-सहा महिन्यांनी बदलत आला आहे. तेव्हा जानेवारीत आणि जुलैत पुन्हा चौकशी करायची सवय ठेवा.

आता त्या हिशेबनीसांच्या सल्ल्याबद्दल. इथे मला माझ्या आईचं सांगावं लागेल.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. महिन्याला मनीऑर्डर यायची आणि पोस्टमन अंगणात आला की घरात चहाचं आधण चढायचं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती मनीऑर्डर थांबली ती कायमचीच. आई जवळच्या एका काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. तेव्हा बी भाजून लाकडी दांड्याने फोडायचे. टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी भाजून निघते. बायका हाताला राख चोळून बसायच्या, तरी बोटांची टोकं काळी व्हायची आणि सालं निघायची. लग्नाकार्यात, हळदीकुंकवाला गेली की आई ओटी घ्यायला पदर पुढे करायची, हात करायची नाही. हात पदराखाली असायचे. मी लहान होते, मला वाटायचं हीच रीत आहे.

त्या कारखान्यात दर शनिवारी पगार व्हायचा. सही ज्या आकड्यापुढे करायची तो आकडा एक, हातात पडायचे पैसे दुसरे. आई चौथी शिकलेली होती, तिला आकडा वाचता यायचा. घरी येऊन ती एवढंच म्हणायची की, आज मी पुन्हा खोटी सही करून आले. कमी पैशांचं तिला वाईट वाटायचंच, पण त्या सहीची तिला चीड होती. मालकाने पैसे बुडवले आणि कागदावर मात्र तिच्याच हाताने लिहून घेतलं की पैसे मिळाले.

म्हणून सांगते, ताई, हे करू नका. परवडत नसेल तर कारखाना एक महिना बंद ठेवा, पण त्या बायकांकडून अशी सही घेऊ नका. कायद्याचं भय घालायचं तर तेही आहे. कमी वेतन दिल्याचं सिद्ध झालं तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो. पाच वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बुडालेली रक्कम तर द्यावी लागतेच, शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई होऊ शकते. तक्रार करायला तीन वर्षांची मुदत आहे आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. काकी तुमच्या देवघरासमोर बसून जेवतात. त्यांच्याकडून खोटी सही कशी घ्याल?

हिशेबाकडे वळू. मी एकतीस वर्षं पतपेढीत कर्जाचे अर्ज तपासले, त्यामुळे हे काम मला आवडतं आणि तुम्ही सगळे आकडे दिलेत म्हणून तुमचे आभार.

आज ३५ किलो गरामागे तुम्ही फोडणीला १०५० आणि सोलणीला १२२५, मिळून २२७५ रुपये मजुरी देता. नऊजणींना ४३० प्रमाणे ३८७० होतील. फरक १५९५ रुपयांचा. बीचे ५२०, मजुरीचे ६५ आणि वरखर्चाचे ६०, म्हणजे किलोला तुम्हाला ६४५ पडतात आणि ७२० येतात. ७५ रुपये सुटतात. ३५ किलोला २६२५. त्यातून १५९५ गेले तर १०३० उरतात. त्या १०३० रुपयांत तुमची, मिस्टरांची आणि जावेची, तिघांची दिवसभराची मेहनत. मिस्टर "परवडणार नाही" म्हणतात ते आकसाने म्हणत नाहीत, हे मी मान्य करते. किमान वेतनाची बाजू घेणारे पुष्कळ लोक हा आकडा बघायलाच तयार नसतात, आणि मला त्यांचं पटत नाही. तुमच्यासारखा नऊ माणसांचा मालक मालक तरी कितीसा असतो?

पण तोच फरक आता दुसऱ्या बाजूने मांडा. १५९५ भागिले ३५, म्हणजे किलोमागे साधारण ४६ रुपये. पर्यटक मालवणात पाव किलोचं पाकीट घेतो, त्यावर साडेअकरा रुपये. अडीचशेचं पाकीट दोनशे साडेएकसष्टला पडलं म्हणून तारकर्लीहून कोणी काजू न घेता परत जाईल असं मला वाटत नाही. नऊ बायकांचं आयुष्य बदलणारी रक्कम गिऱ्हाइकाच्या टोकाला एका चहाएवढी आहे. अडचण आहे ती मधल्या वाटेत. तुमच्या मांगरातून ७२० ला निघालेला गर दुकानात हजाराला जातो, त्या २८० रुपयांत तुमचा काही वाटा नाही. वाढलेल्या मजुरीचा भार कोणावर पडतो, हे ज्याला तो पुढे ढकलता येतो आणि ज्याला येत नाही त्यावर ठरतं. व्यापारी तो दुकानावर ढकलू शकतो, दुकानदार गिऱ्हाइकावर. तुम्ही आज फक्त खाली ढकलू शकता, काकींवर. तुमच्या पत्रातली घालमेल हीच आहे.

काजू बागायतदारावर ढकलावा, बी १३० ऐवजी ११५ ने मागावी, असंही कोणी सुचवेल. ते होणार नाही. आपल्याकडच्या बीचा भाव आफ्रिकेतून येणाऱ्या बीवर हलतो. त्या बीवरचं आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात पाच टक्क्यांवरून अडीच टक्के झालं, तेव्हापासून आपला बागायतदार आधीच ओरडतो आहे.

तुम्ही विचारलंत की भलं कोणाचं आणि वाटोळं कोणाचं. मांगराबाहेर बघितलं तर कोकणात ही वाढ मुख्यतः बायकांचीच आहे. आंब्याच्या बागेत फवारणीला, चिरेखाणीवर, गवंड्याच्या हाताखाली पुरुषाला मिळणारा रोज आजच त्या ४३० च्या वर आहे, कारण तरुण माणूस मुंबईला किंवा गोव्याला जाऊ शकतो आणि ते मालकाला माहीत असतं. मासेमारीच्या होडीवर खलाशाला बहुतेक वाटा असतो, तिथे या दराचा फारसा संबंधच येत नाही. उरतात त्या बायका, आणि त्यांचा दर खाली का राहिला याचं कारण मला नेहमी अस्वस्थ करतं. कोकणात माणसं मिळत नाहीत अशी ओरड सगळीकडे आहे. माणसं मिळत नसतील तर मजुरी वाढायला हवी. पुरुषांची वाढली, बायकांची त्या मानाने नाही. कारण बाईला सकाळी गुरांचं करून निघायचं असतं, दुपारी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला पेज द्यायला परत यायचं असतं, आणि संध्याकाळची शेवटची एसटी चुकली तर घरी पोहोचायची सोय नसते. म्हणजे तिच्या कामाचा बाजार चालत जाण्याएवढ्या अंतराचा. त्या अंतरात कारखाना एकच, तुमचा. तुम्ही ३५ म्हणाल तर ३५.

असा एकच मालक असतो तिथे मजुरी वाढवली तर कामं कमी होतीलच असं नाही, हे अर्थशास्त्रात आता बऱ्याच जणांना मान्य आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेलं. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रुगर या दोघांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली मिळून चारशेवर फास्टफूडची दुकानं तपासली. पेनसिल्व्हेनियात दर वाढला नव्हता. तुलना केली तर न्यू जर्सीत माणसं कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यावर पुष्कळ वाद झाला, आजही आहे. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. क्रुगर तोवर हयात नव्हते.

उलट बाजूचं उदाहरण लांबचं नाही, आपल्याच राज्यातलं आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना दुष्काळात लाखोंना जगवून गेली. १९८८ साली राज्यात मजुरीचा किमान दर एकदम दुप्पट झाला आणि त्याबरोबर रोहयोचाही. त्यानंतर कामावर असणाऱ्यांची संख्या खाली आली. कोणाला काढलं नाही, नवी कामं उघडली गेली नाहीत. दर वाढला पण त्यामागचा पैसा त्या मानाने वाढला नाही की असं होतं, आणि ज्याला काम मिळालं नाही त्याचं नाव कुठल्याच मस्टरवर नसतं. म्हणून धोका नाही असं मी म्हणणार नाही. तुमच्या मांगरातही तो आहे. त्याचं नाव काकी.

आणि ज्यांच्यावर परिणाम होतो पण जे या चर्चेत कधी येत नाहीत, त्यात वाडीतला किराणावाला घ्या. नऊ बायकांच्या हातात रोज १५९५ जास्त पडले तर ते मुंबईच्या मॉलमध्ये जाणार नाहीत. त्याच्या उधारीच्या वहीतली पानं निकाली निघतील, बचत गटाचा हप्ता वेळेवर जाईल, कोणाच्या तरी मुलीचा कुडाळच्या कॉलेजचा एसटी पास निघेल. पतपेढीत मी बघितलंय, बाईच्या मजुरीतले वाढलेले शंभर रुपये आधी थकलेल्या हप्त्याकडे जातात.

किमान वेतन "किमान" कशाच्या हिशेबाने, हेही मिस्टरांना सांगा. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने माप ठरवलं ते असं: कमावणारा धरून तीन माणसांच्या घासाएवढं अन्न, दर माणशी २७०० उष्मांक, आणि कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, शिवाय घरभाडं, जळण आणि दिवाबत्ती. यात चैन कुठे दिसते का बघा. मालकाला परवडतं की नाही हा मुद्दा केरळातल्या कौल कारखानदारांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की किमान वेतन ठरवताना मालकाच्या ऐपतीचा विचार करायचा नसतो. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांवर मंगलोरी कौलं आहेत, त्याच धंद्याची ही गोष्ट. मला तो निर्णय योग्य वाटतो. बी १३० वरून १४५ झाली तर तुम्ही बागायतदाराला "मला परवडत नाही, १३० च घे" म्हणत नाही, वीज मंडळालाही म्हणत नाही. फक्त बायकांच्या बाबतीत आपण असं म्हणू शकतो, कारण त्या ऐकून घेतात.

मशीनचा हिशेब मी लपवणार नाही. चार लाखांच्या मशीनने पाचांतल्या तिघी कमी झाल्या आणि वर्षाचे दोनशे दिवस काम चाललं, तर ४३० च्या दराने वर्षाला दोन लाख ५८ हजार वाचतात. दोन वर्षांच्या आत मशीन फिटतं. पण आजच्या जुन्या दरानेही ते पावणेतीन वर्षांत फिटलं असतं. मग आजवर घेतलं का नाही? मला वाटतं, कारण मिस्टरांनाही ठाऊक आहे की हवेच्या दाबाने साल उडवणारं ते यंत्र सगळं साल काढत नाही, मागे हात लागतोच, आणि गर तुटला की अख्ख्याचा तुकडा होऊन भाव पडतो. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते तेव्हा कॉम्प्रेसर गप्प बसतो, हप्ता गप्प बसत नाही. मशीनचा पुरता उपयोग व्हायचा तर दुप्पट बी भरायला हवी. तुमची आजची बी दोनशे दिवसांची २८ टन होते, म्हणजे ३६ लाख ४० हजारांची. तेवढेच आणखी कुठून आणणार? एक हंगाम थांबा. मशीन यायचंच असेल तर ते एखादी बाई आपणहून काम सोडेल तेव्हा येऊ दे. कोणाला उठवून त्या जागी नको.

आता मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते लिहिते.

काकींना सोलणीवरून उठवून निवडीला बसवा. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी बाई २४० नंबरचा मोठा आणि ३२० नंबरचा त्याहून लहान गर नजरेने वेगळा करणार नाही असं होणारच नाही. आयुष्यभर त्यांच्या बोटांखालून हाच माल गेला आहे. सोलणीत त्यांचे चार किलो कमी होतील, ते बाकी चौघींत वाटले जातील, एकेकीला एक किलो. जमेल का ते त्या चौघींनाच विचारा, हुकूम सोडू नका. दिवसभर बसणं काकींना झेपत नसेल आणि त्यांनी स्वतः अर्धा दिवस मागितला, तर अर्ध्या दिवसाचे अर्धे पैसे देता येतात. पण ते त्यांनी मागितलं तरच. तुम्ही काम नाही म्हणून दुपारी घरी पाठवलंत तर पूर्ण दिवसाचं द्यावं लागतं.

काकी निवडीला बसल्या की तुमचे रोजचे दोन-तीन तास मोकळे होतात. ते तास विक्रीत घाला, तुमचा फरक भरून निघायची जागा तिथेच आहे. दुकानात हजाराला मिळणारा गर तुम्ही थेट ८५० ने दिला, पाकीट-शिक्क्याचे दहा रुपये वजा केले, तरी व्यापाऱ्यापेक्षा किलोमागे १२० जास्त येतात. सगळा फरक यातूनच काढायचा तर रोज तेरा-साडेतेरा किलो असे विकावे लागतील. ते पहिल्या वर्षी होणार नाही, उगाच आशा लावत नाही. पाच किलो धरा, ६०० रुपये. गणपतीला आणि शिमग्याला घरी येणारे चाकरमानी हे तुमचं पहिलं गिऱ्हाईक. परत जाताना त्यांना मुंबईच्या शेजाऱ्यांसाठी काहीतरी न्यायचंच असतं. जवळच्या चार होमस्टेवाल्यांकडे दहा-दहा पाकिटं ठेवा. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव पाकिटावर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आधी नोंदणी करावी लागते, ती करून घ्या.

उरलेल्या ३० किलोंसाठी व्यापाऱ्याकडे किलोला १५ रुपये वाढवून मागा. एकट्याने मागू नका, तालुक्यात तुमच्यासारखे जे छोटे कारखाने आहेत त्यांच्याशी आधी बोला. दर सगळ्यांनाच वाढवावा लागणार आहे, त्यामुळे या वर्षी ते ऐकतील. मिळाले तर ४५० येतात. ६०० आणि ४५० मिळून १०५०, राहिले ५४५. ते तुमच्या २६२५ मधून जातील, दिवसाला २०८० उरतील. हा घाटा तुम्ही सोसावा असं मी सांगते आहे, आणि ते सहज सांगत नाही.

आणखी एक गोष्ट तपासून बघा. किलोवर पैसे असले की बाई घाई करते, घाईत गर तुटतो. रोज पक्का झाला तर दिवसाला दोन-तीन किलो तुकडा कमी होतो का, ते महिनाभर रोज वजन करून लिहा. तुकड्याचा भाव तुम्ही पत्रात दिला नाही, तो घालून बघा. मला वाटतं त्या ५४५ मधले निम्मे तिथेच सापडतील. सोलणाऱ्यांचा हात सैल पडेल अशी भीती मिस्टरांना असेल. तर ४३० च्या वर जी जास्त अख्खा गर देईल तिला वरती थोडं द्या. खालची रेघ मात्र हलवायची नाही.

हे सगळं करण्याआधी एक दिवस काम अर्धा तास लवकर थांबवा आणि नऊजणींना बसवून हीच वही वाचून दाखवा. बी केवढ्याला, व्यापारी किती देतो, तुम्हाला काय उरतं. हे आजवर त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्यांना वाटतं मालकाच्या घरी पोती भरलीत, तुम्हाला वाटतं त्यांना तुमची अडचण कळणार नाही. माझ्या आईला कोणी अशी वही दाखवली असती, तर ती कमी पैशांत खूश झाली असती असं नाही, पण तिने हात पदराखाली लपवले नसते. मिस्टरांनाही त्या बैठकीला बसवा. काकींना मात्र त्याआधी एकटीला गाठा आणि त्यांना घरी बसवायचं नाही हे त्यांच्या कानावर घाला. बाकीच्यांसमोर ते ऐकायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

मिस्टरांना माझे आकडे पटले नाहीत तर कुठे पटले नाहीत ते लिहून कळवा. वहीची दोन पानं, बीची आणि मजुरीची, झेरॉक्स काढून सोबत पाठवा. पुढचा हिशेब आपण त्यावरच मांडू.